मंदीत आयटी कंत्राटं शोधताना: चौदा आठवड्यांच्या प्रकल्प नोंदी

१ सप्टेंबर २०२५, सोमवार

आजचं काम: फ्रीलान्सर म्हणून काम मागणारं पत्र आज पाठवलं तर त्याचे पैसे कधी हाती येतील, ते कागदावर मांडणं.

पहिलं पत्र ते पहिलं बोलणं: २ आठवडे. कोटेशन: १ आठवडा. समोरच्याकडची मंजुरी: ३ आठवडे, कारण हात आखडला की एका सहीच्या तीन सह्या होतात. प्रत्यक्ष काम: २ आठवडे. बिल ते पैसे: मुदत ३० दिवसांची लिहिलेली असली तरी ४५ धरायचे, म्हणजे ६ आठवडे. बेरीज १४.

याचा अर्थ असा की शिल्लक संपत आल्यावर शोध सुरू केला तर उशीर झालेलाच असतो. शिल्लक रुपयात किंवा डॉलरात न मोजता आठवड्यांत मोजायची: बँकेतली रक्कम, त्यातून कराचे पैसे बाजूला काढायचे आणि उरलेल्याला आठवड्याच्या खर्चाने भागायचं. येणं असलेली बिलं त्यात धरायची नाहीत. ‘तोंडी ठरलेलं’ काम तर अजिबातच नाही.

ठरलेला नियम:
- २० आठवड्यांपेक्षा जास्त शिल्लक: थेट क्लायंटच्या मागे लागायचं.
- १४ ते २०: थेट क्लायंट आणि एजन्सी दोन्ही.
- १४ च्या खाली: आधी एजन्सीचं पोटकंत्राट. दर कमी मिळतो, पण व्हेंडर नोंदणी (पुरवठादार म्हणून नाव चढवणं) आणि मंजुरी हे दोन टप्पे गळतात.

३ सप्टेंबर

दराचा हिशेब. वर्षाचे ५२ आठवडे, सुट्ट्या आणि आजारपणाचे ६ वजा, उरले ४६. पाच दिवसांचा आठवडा धरून २३० दिवस. बरे दिवस असताना त्यातले ७० टक्के बिल होतात असं धरलं तर १६१ दिवस. मंदीत ५० टक्के धरले तर ११५.

१६१ ला ११५ ने भागलं की १.४ येतात. म्हणजे तेवढीच कमाई टिकवायला दर ४० टक्क्यांनी वाढवावा लागेल, आणि तोही सगळे दर पाडत असताना. ते होणार नाही. म्हणून दोनच उपाय हाती राहतात: खर्च कमी करणं, आणि बिल न होणारे दिवस कमी करणं. दर उतरवणं हा तिसरा उपाय दिसतो खरा, पण त्याने ११५ दिवसांचे १३० होत नाहीत. ज्याचं बजेटच गोठलंय त्याला दहा टक्के सूट देऊन काय उपयोग?

सूट द्यावीच लागली तर बिलावर मूळ दर, त्याखाली सवलतीची वेगळी ओळ आणि सवलत संपण्याची तारीख. नुसता कमी आकडा लिहिला की तोच पुढचा दर ठरतो.

८ सप्टेंबर

पैसा नेमका कुठे सरकतो, यावर पूर्ण दिवस.

मंदीचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. आधी कंत्राटी लोक जातात, कारण त्यांना काढायला एक ईमेल पुरतो. मग नवी भरती थांबते. मग नोकरकपात. काम मात्र तेवढंच राहतं, माणसं कमी झालेली असतात, आणि काही महिन्यांनी कंत्राटी काम तुकड्यातुकड्यांनी परत येतं. ‘भरती बंद आहे’ हे वाक्य ऐकून यादीतलं नाव खोडायचं नाही. भरतीबंदी असते ती मंजूर पदांवर. कंत्राटाचे पैसे बहुधा दुसऱ्या खात्यातून जातात. कपातीच्या बातमीनंतर लगेच पत्र टाकणं मात्र चूक, तेव्हा तिथे कोणी नव्या माणसाचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतं. दोन-तीन महिने जाऊ द्यावेत.

नवं ॲप, नवं डिझाइन, ‘बघू तर खरं’ प्रकारचे प्रयोग: हे पैसे आटतात. दोन प्रकारांचे टिकतात. एक, ज्याला तारीख आहे आणि ती कोणाच्या हातात नाही. दोन, ज्याने या तिमाहीतच खर्च कमी होतो. पुढचे तीन महिने फक्त एवढंच विकायचं.

तारखांचा तक्ता आज भिंतीवर लागला; सर्टिफिकेटची ओळ सोडली तर प्रत्येक तारीख निर्मात्याचा आधार, म्हणजे सुरक्षा दुरुस्त्या, थांबण्याची:
- विंडोज १०: १४ ऑक्टोबर २०२५. एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) २०१६ आणि २०१९ यांचीही तीच तारीख.
- पोस्टग्रेस १३ (डेटाबेस): १३ नोव्हेंबर २०२५.
- पीएचपी ८.१ (वेबसाइट चालवणारी भाषा): ३१ डिसेंबर २०२५.
- टीएलएस सर्टिफिकेटची (साइटची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याची) कमाल मुदत: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १००, १५ मार्च २०२९ पासून ४७.
- नोड २० (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा) आणि मायएसक्यूएल ८.० (डेटाबेस): एप्रिल २०२६.
- एसक्यूएल सर्व्हर २०१६ (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस): १४ जुलै २०२६.

जुन्या सिस्टिमला हसणाऱ्यांसाठी एक आठवण. एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल ही जुनी प्रोग्रामिंग भाषा येणारे स्वयंसेवक हवेत असं जाहीर आवाहन केलं होतं, कारण बेकारी भत्त्याच्या अर्जांचा लोंढा जुन्या मेनफ्रेमवर (मोठ्या मध्यवर्ती संगणकांवर) येऊन आदळला होता. वाईट काळात जुन्या यंत्रणेवरचा भार वाढतो आणि ती बदलायला पैसा नसतो. डागडुजीचं काम तिथेच असतं.

११ सप्टेंबर

यादी: ६० नावं, तीन कप्पे.

पहिला कप्पा जुन्या क्लायंटचा, आणि जुन्या क्लायंटकडून दुसरीकडे गेलेल्या माणसांचा. दुसरा भाग बहुतेक जण विसरतात. मॅनेजर कंपनी बदलतो तेव्हा ओळख त्याच्याबरोबर जाते, कंपनीत राहत नाही. दुसरा कप्पा छोट्या एजन्सींचा: ज्यांनी माणसं कमी केली पण देखभालीची कंत्राटं हातात आहेत. तिसरा अनोळखी कंपन्यांचा. तिथे तक्त्यातली एखादी तारीख लागू होते असं उघड माहितीवरून दिसलं तरच नाव घ्यायचं.

उघड माहिती म्हणजे काय, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. सर्टिफिकेटची शेवटची तारीख, सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सीच्या (दिलेल्या सर्टिफिकेटच्या) सार्वजनिक नोंदी, डीएनएस रेकॉर्ड (डोमेनच्या नावामागचे पत्ते), वेब सर्व्हरने स्वतःहून पाठवलेले हेडर (पानासोबत येणारी तांत्रिक माहिती), नोकरीच्या जाहिरातीत लिहिलेलं तंत्रज्ञान. परवानगीशिवाय पोर्ट स्कॅन (सर्व्हरची कोणती दारं उघडी आहेत ते चाचपणं) किंवा लॉगिन पानावर काही घालून बघणं यात बसत नाही. त्याने काम तर मिळत नाहीच, पण वकिलाचं पत्र येऊ शकतं.

१६ सप्टेंबर

पत्रं जाण्याआधी डोमेन नीट करणं. हे कंटाळवाणं आहे, पण न केल्यास सगळी पत्रं स्पॅममध्ये जातात आणि ‘बाजारच बसलाय’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

एसपीएफ रेकॉर्ड (डोमेनच्या वतीने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात याची यादी) एकच असावं. दोन झाली की तपासणीच फसते. त्यात डीएनएस शोध जास्तीत जास्त १० चालतात. मेल, न्यूजलेटर, बिलिंग अशा तीन-चार सेवा जोडल्या की हा आकडा कळत नकळत ओलांडला जातो. डीकेआयएमची (पत्रावरच्या डिजिटल सहीची) की २०४८ बिटची. डीमार्क (या दोन तपासण्या फसल्या तर पत्राचं काय करायचं हे सांगणारी नोंद) सुरुवातीला ‘नन’ (काहीच करू नका) धोरणावर, अहवाल येऊ द्यायचे, दोन आठवड्यांनी ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका). फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूचे नियम कडक झाले आहेत. दिवसाला ५,००० पत्रं पाठवणाऱ्यांना डीमार्क लागतं, पण एसपीएफ किंवा डीकेआयएम सगळ्यांनाच लागतं.

पत्र: ९० शब्दांच्या आत, साधा मजकूर, जोडपत्र नाही, लिंक एकच किंवा नाहीच. दिवसाला ५ ते ६. एकसारखं पत्र कोणालाही नाही.

मसुदा असा ठरला. पहिलं वाक्य त्यांच्याकडे दिसलेल्या गोष्टीचं. दुसरं त्याची तारीख किंवा परिणाम. तिसरं आपण देऊ करतो ते काम, दिवसांच्या आकड्यासह. शेवटी हो-नाहीत उत्तर देता येईल असा एक प्रश्न. ‘आपल्या प्रतिष्ठित संस्थेसोबत’ वगैरे गेलं कचऱ्यात.

पाठपुरावा: पाचव्या कामाच्या दिवशी एकदा, बाराव्या दिवशी दुसऱ्यांदा, मग तीन महिने गप्प.

२२ सप्टेंबर

पत्राच्या मसुद्यात दुरुस्ती. हेडरमध्ये पीएचपी ७.४ दिसलं म्हणून ‘तुमची साइट असुरक्षित आहे’ असं लिहिणं साफ चूक आहे. पीएचपीच्या मूळ चमूने ७.४ चा आधार नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबवला हे खरं. पण डेबियन ११ या लिनक्सच्या तयार बांधणीत (डिस्ट्रिब्युशनमध्ये) पीएचपी ७.४च येतं आणि डेबियनचे लोक सुरक्षा दुरुस्त्या मागे नेऊन त्यातच बसवतात. उबुंटू २०.०४ या दुसऱ्या डिस्ट्रिब्युशनचंही तसंच, सशुल्क आधार घेतला असेल तर. आवृत्तीच्या आकड्यावरून दुरुस्ती झाली की नाही हे बाहेरून कळत नाही.

असं पत्र जाणकार सिस्टिम ॲडमिनच्या हाती पडलं की तो दोन ओळींत उत्तर देतो आणि दार कायमचं बंद होतं. नवं वाक्य: ‘हेडरमध्ये पीएचपी ७.४ दिसतं. दुरुस्त्या डिस्ट्रिब्युशनकडून येतात, की पुढच्या आवृत्तीवर जाणं बाकी आहे?’ यात आरोप नाही, आणि उत्तर द्यायला समोरच्याला काही वाटत नाही.

३० सप्टेंबर

रिक्रूटरचे फोन. सीव्ही पाठवण्याआधी विचारायचे प्रश्न: अंतिम क्लायंट कोण, बजेट मंजूर झालंय की ‘होईल’, दिवसाचा दर काय आणि त्यात कर धरलाय का, मुदत किती, आणि मुदतीआधी काढायचं तर नोटीस किती दिवसांची.

क्लायंटचं नाव न सांगणाऱ्याला सीव्ही देणं धोक्याचं. दोन एजन्सींनी एकच सीव्ही एकाच ठिकाणी पाठवला तर बऱ्याच कंपन्या भांडण नको म्हणून उमेदवारालाच बाद करतात. म्हणून प्रत्येक वेळी ईमेलवर लेखी संमती: अमुक क्लायंटकडे, अमुक भूमिकेसाठी, अमुक दिवसांपुरती. तक्त्यात त्यासाठी वेगळा रकाना केला आहे.

मंदीत खोट्या जागाही वाढतात. जागा नसते, फक्त सीव्हींचा साठा करायचा असतो. खूण अशी की सुरू होण्याची तारीख विचारली की उत्तर गुळमुळीत येतं.

पोटकंत्राटाच्या करारात ‘क्लायंटकडून पैसे आल्यावर तुम्हाला देऊ’ असं कलम असेल तर बदलून मागायचं. किमान ‘किंवा बिलापासून ६० दिवस, जे आधी होईल ते’ एवढी भर. अंतिम क्लायंट बुडाला तर त्या कलमाने सगळा तोटा सर्वांत खालच्या माणसाच्या गळ्यात पडतो.

७ ऑक्टोबर

प्लॅटफॉर्म. अपवर्कसारख्या (फ्रीलान्स कामाच्या ऑनलाइन बाजाराच्या) ठिकाणी मंदीत गर्दी वाढते. आठवड्याचे तीन तास, त्याहून जास्त नाही.

नियम मात्र वाचून घ्यावेत. तासाच्या कंत्राटात पैशांचं संरक्षण मिळतं ते ट्रॅकर लावून नोंदलेल्या तासांना; हाताने भरलेले तास त्यात येत नाहीत. ठरावीक रकमेच्या कंत्राटात टप्प्याचे पैसे आधी एस्क्रोत (मध्यस्थाच्या खात्यात) पडलेत हे बघूनच कामाला हात लावायचा. टप्पा सादर केल्यावर क्लायंट गप्प राहिला तर १४ दिवसांनी पैसे आपोआप सुटतात. काम चॅटमध्ये पाठवून ‘बघा आणि सांगा’ म्हटलं तर हा काळ सुरूच होत नाही. ‘सादर’ बटण दाबलंच पाहिजे.

१३ ऑक्टोबर

चाचणीच्या नावाखाली येणारा कोड. हा धोका सध्या खरा आहे, म्हणून सविस्तर.

पद्धत अशी: लिंक्डइनवर रिक्रूटर येतो, दर चांगला सांगतो, रिपॉझिटरी (कोडचा संच) पाठवतो आणि ‘चालवून त्रुटी दुरुस्त करा’ म्हणतो. प्रकल्प चालवताच ब्राउझरमधले पासवर्ड, क्रिप्टो वॉलेट आणि एसएसएच की (सर्व्हरवर शिरायच्या चाव्या) बाहेर जातात. उत्तर कोरियाशी जोडलेल्या गटांच्या अशा मोहिमा २०२३ पासून सुरक्षा संशोधकांनी नोंदवल्या आहेत. गेल्या महिन्यात एनपीएमवर (जावास्क्रिप्ट पॅकेजच्या भांडारात) पसरलेला ‘शाई-हुलुद’ हा वर्मही (स्वतःहून पसरणारा घातक कोड) पॅकेज बसवताना आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टवरच स्वार झाला होता. कामाच्या शोधातला माणूस घाईत असतो, आणि त्याच्या लॅपटॉपवर जुन्या क्लायंटच्या चाव्या असतात. स्वतःच्या नुकसानीपेक्षा ते जास्त महागात पडतं.

ठरलेली पद्धत:

चाचणीचा कोड फक्त टाकाऊ व्हर्च्युअल मशीनवर (संगणकातल्या आभासी संगणकावर). त्यात कोणतंही खातं लॉगिन नाही, यजमान मशीनशी सामायिक फोल्डर नाही, क्लिपबोर्ड बंद. काम झालं की मशीन पुसायचं. डॉकर कंटेनर (ॲपसाठी वेगळा केलेला कप्पा) पुरेसा धरायचा नाही. प्रकल्पाचीच फोल्डर आत जोडताना होम फोल्डर जोडली गेल्याची चूक सहज होते.

उघडण्याआधी साध्या मजकूर वाचकात पॅकेज फाइल बघायची: ‘प्रीइन्स्टॉल’, ‘पोस्टइन्स्टॉल’, ‘प्रिपेअर’ या नावांच्या स्क्रिप्ट आहेत का. बसवताना स्क्रिप्ट टाळण्याचा पर्याय लावायचा. पण तेवढ्यावर भागत नाही, कारण वाईट ओळ सर्व्हरच्या नेहमीच्या फाइलमध्ये, उजवीकडे शेकडो रिकाम्या जागा सोडून लिहिलेली असू शकते. एडिटरमध्ये ओळी दुमडण्याची सोय चालू ठेवली की ती दिसते. एडिटरने ‘या फोल्डरवर विश्वास ठेवायचा का’ विचारलं तर नाही. फोल्डर उघडताच चालणारी कामं तिथूनच सुटतात.

आणि चाचणी चार तासांपेक्षा मोठी असेल तर ती चाचणी नसून फुकटचं काम आहे. दर सांगायचा.

१५ ऑक्टोबर

विंडोज १० चा आधार काल संपला. कंपन्यांना सशुल्क वाढीव सुरक्षा दुरुस्त्या तीन वर्षं घेता येतात, पण प्रत्येक यंत्रामागचं शुल्क दर वर्षी दुप्पट होतं. ‘सगळी यंत्रं आत्ता बदला’ हे मंदीत विकलं जात नाही. ‘कोणती यंत्रं बदलायची, कोणत्यांसाठी एक वर्षाच्या दुरुस्त्या विकत घ्यायच्या, कोणती नेटवर्कपासून वेगळी करायची याची यादी, ३ दिवसांत’ हे विकलं जातं.

२२ ऑक्टोबर

परवा, २० तारखेला, ॲमेझॉन क्लाउडच्या यूएस-ईस्ट-१ विभागात (अमेरिकेतल्या डेटा सेंटरांच्या गटात) डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेच्या डीएनएस नोंदी बिघडल्या आणि अर्धं इंटरनेट आडवं झालं. दोन जुन्या क्लायंटकडून लगेच विचारणा: ‘आपण दोन विभागांत जायला हवं का?’

हो म्हणायचा मोह होतो. काम मोठं, महिने चालणारं. पण दोन विभागांत सगळं चालवणं म्हणजे यंत्रणेचा खर्च जवळपास दुप्पट, शिवाय डेटा एकसारखा ठेवण्याची कायमची डोकेदुखी. पहिल्या बजेट बैठकीत ते कापलं जाईल आणि सुचवणाऱ्याचं वजन घटेल. त्याऐवजी दिलेलं काम: बॅकअप दुसऱ्या विभागात उचलून उभा राहतो का याची प्रत्यक्ष चाचणी, लागलेला वेळ घड्याळ लावून नोंदवणं, आणि कोण काय करणार याचं दोन पानी टिपण. ४ दिवस.

या चाचणीत नेहमी सापडणाऱ्या अडचणी: डेटाबेस परत येतो पण एन्क्रिप्शन की दुसऱ्या विभागात नसते, गुप्त चाव्यांची तिजोरीच बॅकअपमध्ये धरलेली नसते, डीएनएसचा टीटीएल (जुनी नोंद किती वेळ धरली जाते) २४ तासांचा असतो, आणि डीएनएसच्या खात्याचा पासवर्ड कंपनी सोडून गेलेल्या माणसाकडे असतो.

२७ ऑक्टोबर

कोटेशन. एक पान. काय करणार, काय करणार नाही, काय गृहीत धरलंय, काम पूर्ण झालं हे कशावरून ठरेल, रक्कम, वैधता २१ दिवस. ‘काय करणार नाही’ हा भाग सर्वांत लांब असला तरी चालेल.

पहिल्याच फोनवर विचारायचा प्रश्न: ‘किती रकमेपर्यंत तुमच्या एकट्याच्या सहीने होतं?’ विचारायला अवघड वाटतं, पण मॅनेजर बहुधा सरळ सांगतात, कारण तीन सह्यांचा त्रास त्यांनाही नको असतो. पहिलं काम त्या मर्यादेत बसवायचं. इथे सावधगिरी हवी. मोठ्या कामाचे कृत्रिम तुकडे करून खरेदीचे नियम चुकवणं बऱ्याच कंपन्यांत गैर ठरतं आणि ऑडिटमध्ये मॅनेजर अडकतो. पहिला तुकडा स्वतःच्या पायावर उभा राहणारा असला पाहिजे: पुढचं काही झालं नाही तरी त्याचा उपयोग व्हावा. तपासणी आणि अहवाल हे त्यासाठी उत्तम.

पैशांचे टप्पे: आठवड्याच्या आतलं काम ५०-५०. त्याहून मोठं असेल तर ४० टक्के आगाऊ, ३० मध्यावर, ३० स्वीकृतीला. स्वीकृतीला मुदत हवी: ७ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर काम स्वीकारलं असं धरलं जाईल. कोडचे हक्क पूर्ण पैसे आल्यावर जातील. नोटीस दोन्ही बाजूंनी दोन आठवडे.

३ नोव्हेंबर

क्लाउड बिल तपासणी. सर्वांत जास्त विकलं जाणारं काम, म्हणून त्याची रीत पक्की केली. ४ दिवस.

परवानगी फक्त वाचनाची, सोबत बिलिंग पाहण्याची. ॲमेझॉनवर बिलिंग पाहायची सोय इतर खात्यांना सुरुवातीला बंद असते. ती मूळ रूट खात्यातून एकदा चालू करावी लागते. रूट खात्याचा फोन कोणाकडे आहे हे शोधण्यातच एक दिवस जातो. म्हणून ही अट कामाच्या तारखेआधी पूर्ण व्हावी असं कोटेशनमध्येच लिहायचं.

मग तीन महिन्यांची बिलं, सेवेनुसार उतरत्या क्रमाने. बघायच्या जागा:

लॉग. क्लाउडवॉच या ॲमेझॉनच्या नोंदसेवेत लॉग गट बनवला की मुदत ‘कधीच संपत नाही’ अशी असते. वर्षानुवर्षं साठतात. मुदत लावण्याआधी कायद्याने किती ठेवायचे हे लेखी विचारायचं.

एस३ (फाइल साठवण्याची सेवा) मधले अर्धवट राहिलेले बहुभागी अपलोड. नेहमीच्या यादीत ते दिसत नाहीत, बिलात मात्र असतात. ७ दिवसांनी पुसण्याचा लाइफसायकल नियम पुरतो.

एनएटी गेटवेमधून (खासगी नेटवर्कच्या बाहेर जायच्या दारातून) एस३ कडे जाणारी वाहतूक. त्यासाठी गेटवे प्रकारचा एंडपॉइंट (थेट आतला रस्ता) मोफत आहे, तो लावला की प्रक्रिया शुल्क वाचतं. सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यांवर फेब्रुवारी २०२४ पासून वापरात असले तरी शुल्क लागतं, तेही मोजायचे.

डिस्क. जीपी२ या जुन्या डिस्क प्रकारावरून जीपी३ या नव्या प्रकाराला गेल्यास प्रति जीबी २० टक्क्यांपर्यंत दर कमी होतो, तोही चालू यंत्रणेवर. हे वाक्य सगळीकडे सापडतं. गोची कोणी सांगत नाही. जीपी३ ला मूळ ३,००० आयओपीएस (सेकंदाला वाचन-लेखनाच्या फेऱ्या) आणि सेकंदाला १२५ एमबी थ्रूपुट (डेटाचा वेग) मिळतात. जीपी२ ला जीबीमागे ३ आयओपीएस मिळतात, म्हणजे १,००० जीबीच्या वरच्या डिस्कला आधीच ३,००० पेक्षा जास्त मिळत होते. ३३४ जीबी आणि त्यापुढच्या जीपी२ ला थ्रूपुट सेकंदाला २५० एमबीपर्यंत जातो. नुसता प्रकार बदलला तर जुन्याइतका थ्रूपुट आपोआप ठेवला जातो, पण मूळ १२५ चाच आकडा भरला की तो निम्म्यावर येतो, रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत रेंगाळतो, आणि दोष तपासणाऱ्याच्या माथी. मोठ्या डिस्कसाठी जास्तीचे आयओपीएस आणि थ्रूपुट विकत घेऊनच तुलना मांडायची. बहुतेकदा तरीही बचत राहते.

एक किंवा तीन वर्षांची बांधिलकी घेऊन सवलत मिळवणं हा शेवटचा उपाय. जी कंपनी पुढच्या वर्षी निम्मी होऊ शकते तिला तीन वर्षं बांधून देणं हा सल्ला नव्हे. आधी फापटपसारा काढायचा, दोन महिने वापर स्थिरावू द्यायचा, मग एक वर्षाचं बोलायचं.

फी ठरावीक. ‘बचतीतला वाटा’ असा करार नको. ग्राहक कमी झाल्यामुळे बिल उतरलं की तपासणीमुळे, यावर वाद होतो आणि तो जिंकता येत नाही.

१४ नोव्हेंबर

दोन गोष्टी एका आठवड्यात. पोस्टग्रेस १३ च्या दुरुस्त्यांचा शेवटचा हप्ता काल आला. आणि कुबरनेटिसच्या (कंटेनरचे समूह, म्हणजे क्लस्टर, चालवणाऱ्या यंत्रणेच्या) चमूने इंग्रेस-एनजिनएक्स (बाहेरची वाहतूक आत वळवणारा भाग) मार्च २०२६ नंतर सांभाळणार नाही असं जाहीर केलं. तारखांच्या तक्त्यात नवी ओळ. क्लस्टर कुठल्या आवृत्तीवर आहे यापेक्षा इंग्रेसवर किती ॲनोटेशन (जास्तीच्या सूचना) लावलीत हे आधी मोजायचं; कामाचे दिवस त्यावर ठरतात. नुसते मार्ग असतील तर काम सोपं, कॉन्फिगरेशनचे तुकडे घुसवले असतील तर प्रत्येकाला हाताने पर्याय शोधावा लागतो.

पोस्टग्रेसच्या बाबतीत तीन ठिकाणी घसरायला होतं. १७ पर्यंतच्या कोणत्याही आवृत्तीवर पीजी-अपग्रेड या साधनाने गेलं की प्लॅनरची (क्वेरीचा मार्ग ठरवणाऱ्या भागाची) आकडेवारी सोबत येत नाही. ‘ॲनालाइझ’ (ती नव्याने गोळा करणारी आज्ञा) विसरलं की सकाळी सगळं मंद. १८ मध्ये ती आकडेवारी सोबत नेली जाते, पण तिथे नव्या क्लस्टरवर चेकसम (डेटा बिघडला का हे ओळखणारे आकडे) आपोआप चालू असतात आणि जुन्यावर नसतील तर अपग्रेड नकार देतं. तिसरी सर्वांत छुपी: सोबत ऑपरेटिंग सिस्टिमही बदलली आणि जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.२८ च्या अलीकडून पलीकडे गेलं, तर अक्षरांचा क्रम बदलतो आणि मजकुरावरचे इंडेक्स (शोधसूच्या) चुकीची उत्तरं देतात. त्रुटी दिसत नाही, ओळी सापडत नाहीत इतकंच. रीइंडेक्सचा (इंडेक्स नव्याने बांधण्याचा) वेळ कोटेशनमध्ये धरायचाच.

२१ नोव्हेंबर

सर्टिफिकेटचं काम, ३ दिवसांचं पॅकेज. मार्चपासून मुदत २०० दिवस होणार, त्यामुळे वर्षातून एकदा हाताने करणाऱ्यांना वर्षातून दोनदा करावं लागेल. मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून मुदत संपण्याच्या सूचना पाठवणं बंद केलंय. बऱ्याच ठिकाणी हे माहीतच नाही.

पहिला दिवस यादीचा. वेब सर्व्हर सोपे. लपलेले असतात ते व्हीपीएन उपकरण, मेल गेटवे, प्रिंटर, जावाच्या कीस्टोअरमध्ये (चाव्यांच्या फाइलमध्ये) कोंबलेले आणि भागीदार कंपनीने पिन करून (हेच सर्टिफिकेट चालेल असं पक्कं करून) ठेवलेले. पिन केलेलं सर्टिफिकेट स्वयंचलित केलं की त्या भागीदाराकडचं सगळं बंद पडतं.

दुसरा दिवस स्वयंचलनाचा. वाइल्डकार्डला (सगळ्या उपडोमेनच्या एकाच सर्टिफिकेटला) डीएनएसचीच पडताळणी लागते. त्यासाठी पूर्ण झोनची (डोमेनच्या सगळ्या डीएनएस नोंदींची) एपीआय की सर्व्हरवर ठेवू नये. पडताळणीचं नाव सीनेमने (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणाऱ्या नोंदीने) वेगळ्या छोट्या झोनकडे वळवावं. नेहमीचा घोळ: फाइल नवी झाली, प्रोसेस मात्र जुनंच सर्टिफिकेट मेमरीत धरून बसली. नूतनीकरणानंतर रीलोड होतं का हे फाइलची तारीख बघून कळत नाही, बाहेरून जोडणी करून बघावं लागतं. मधलं सर्टिफिकेट (साइटच्या आणि मूळ संस्थेच्या सर्टिफिकेटला जोडणारं) साखळीत नसेल तर डेस्कटॉप ब्राउझर चालून जातो आणि मोबाइल ॲप अडतं.

तिसरा दिवस देखरेख आणि टिपणाचा.

१ डिसेंबर

वसुली. बिल काम संपल्याच्याच दिवशी. त्यावर पीओ (खरेदी आदेश) क्रमांक नसेल तर मोठ्या कंपनीचं लेखा खातं ते बाजूला ठेवतं आणि कळवतही नाही. म्हणून पाठवल्यावर तिसऱ्या दिवशी मॅनेजरला नव्हे, लेखा खात्याला एक ओळ: ‘बिल सिस्टिममध्ये चढलं का, देय तारीख काय दिसते?’ मुदतीच्या ५ दिवस आधी एक आठवण. मुदत उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन. १० दिवस उलटले की काम थांबवण्याची लेखी सूचना. हे कलम करारात आधीपासून असेल तर त्यात कटुता येत नाही.

एका क्लायंटकडे पैसे न मिळालेलं काम १० दिवसांपेक्षा जास्त साचू द्यायचं नाही. दिवाळखोरीत तारण नसलेला घेणेकरी रांगेत मागे उभा असतो, आणि फ्रीलान्सर बहुधा तोच. धोक्याच्या खुणा: लेखा खात्यातला माणूस अचानक बदलणं, मुदत ३० वरून ९० करण्याचं पत्र, आधीचं बिल अडलेलं असताना नवं तातडीचं काम.

५ डिसेंबर, शुक्रवार

चौदावा आठवडा. पत्रांच्या तक्त्याचे रकाने: पाठवलेली पत्रं, उत्तरं, बोलणी, कोटेशन, सह्या, आलेले पैसे.

वाचायची रीत: उत्तरंच नाहीत तर दोष यादीत, पहिल्या ओळीत किंवा डीमार्कच्या अहवालात. उत्तरं येतात पण बोलणी होत नाहीत, तर देऊ केलेलं काम अस्पष्ट आहे. दिवस आणि हाती काय मिळणार हे लिहिलेलं नाही. बोलणी छान होतात आणि सही अडते, तर आपण सहीचा अधिकार नसलेल्या माणसाशी बोलतोय. सह्या होतात आणि पैसे अडतात, तर मागची वसुलीची नोंद. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन आठवडे थांबायचं. किमान ४० पत्रांच्या आत काहीही निष्कर्ष काढायचा नाही.

सोमवारपासून: मायएसक्यूएल ८.० च्या पत्रांचा मसुदा. पहिल्या ओळीत ८.४ मध्ये जुनी नेटिव्ह पासवर्ड पद्धत मुळात बंद असते हे यावं, कारण दहा वर्षांपूर्वीचा क्लायंट ड्रायव्हर तिथेच अडकतो. पहिल्या फेरीतली बाराव्या दिवशी गप्प झालेली नावं सप्टेंबरची आहेत. त्यांचे तीन महिने डिसेंबरच्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात.